माळ्याच्या फटी आणि न्हाणीघराचा झरोका

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरल्याची बातमी आपण हिवाळ्यात वाचतो. पण आजोबांच्या खाटेपाशी किती अंश आहेत, हे फार थोड्या घरांत पाहिले जाते. थंडीत घराच्या आत किमान १८ अंश तापमान असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचविले; वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. जुन्या नाशकातील कौलारू वाड्यांत वा पत्र्याच्या घरांत दारे-खिडक्या लावूनही हे साधत नाही. कारण डोक्यावर असते.

ऊबदार हवा वर चढते आणि माळ्याच्या फळ्यांतील भेगा, झाकणाची कड, भिंत व पत्रा यांमधील पोकळी यांतून निसटते. तिच्या जागी दाराखालून गार हवा आत ओढली जाते. म्हणून आधी वरच्या फटी बुजवाव्यात. उदबत्तीचा धूर जेथे वर खेचला जाईल, तेथे फट आहे असे समजावे. भेगांत लांबी भरावी, झाकणाच्या कडेला स्पंजाची पट्टी चिकटवावी, वर जुनी गोधडी पसरावी. विजेच्या तारांभोवती कापड कोंबू नये. सिमेंटचा जुना पत्रा असल्यास त्याला छिद्र पाडू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. शिडीवर चढण्याचा मोह साठी ओलांडलेल्यांनी टाळावा (मोडलेले खुब्याचे हाड थंडीपेक्षा महाग पडते!). पारव्यांच्या विष्ठेची धूळ उडते, तेव्हा दमेकऱ्याला शेजारी बसवावे.

येथवर सारे सोपे आहे. मला चिंता वाटते ती पुढच्या पायरीची. फटी बुजल्या की त्याच खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवली जाते, किंवा न्हाणीघराचा झरोकाही थंडीच्या नावाखाली बंद होतो आणि आत गॅसचा गिझर चालू असतो. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूहून दोनशेपटींपेक्षा अधिक घट्ट चिकटतो. कोरोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर अशा वेळी बोटाला लावला, तर आकडा ९८ दिसू शकतो. त्या यंत्राला हा फरक कळत नाही. झोपताना शेगडी बाहेर काढावी, ज्या खोलीत काही जळते तेथील झरोका कधीही बुजवू नये, आणि गॅसचा गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवून घ्यावा.

घरातील दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ वा गरगर वाटू लागली आणि अंगणात गेल्यावर बरे वाटले, तर ते पित्त समजू नये. दारे उघडावीत, सर्वांना बाहेर न्यावे, शेगडी वा गिझर बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खोलीत शेगडी किंवा गिझर चालू होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.