घरपट्टीचा खटला आणि फुफीचा हिस्सा

घरपट्टीची नोटीस आली की आपल्या भावकीत मालक सापडत नाही. गिऱ्हाईक आले की प्रत्येक जण मालक. वणीत हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसू येत नाही.

मी शिक्षक. उर्दू-मराठी दोन्ही वाचता येते म्हणून लोक कागद घेऊन येतात. निकाहनामा उर्दूत, नोटीस मराठीत. अशीच एका घराची फाईल आली. दादा वारून तीसेक वर्षे झाली, तरी नमुना 8 वर नाव त्यांचेच. मागे तीन मुलगे, दोन मुली. माती-लाकडाच्या घराचा पुढचा भाग पाडून दोन गाळे काढले, तर अख्खे घर पक्के आणि व्यापारी धरून कर लागला. ही आकारणी चूक आहे, हे मलाही पटते. भांडवली मूल्यावर कर लावताना बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर पाहावा लागतो. माजघराला गाळ्याचा दर कसा लागेल? ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते, पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तो हक्क वापरलाच पाहिजे.

पण अपील कुणाच्या नावाने? मयताच्या नावाने तर होत नाही. मग थोरल्याने प्रतिज्ञापत्र केले : मी मयताचा एकमेव वारस. एका ओळीत दोन भाऊ आणि दोन बहिणी गायब! भावांनी आरडाओरडा करून आपापली नावे घालून घेतली. बहिणींना कुणी विचारलेच नाही. पुढे प्रकरण कोर्टात गेले, आणि तिथेही वारस तीनच.

विचारले की उत्तरे तयार असतात. "कर आम्हीच भरतो ना?" भरा, आणि बहिणींच्या वाट्याचा मागून घ्या. आठ हिश्श्यांत भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. कराचाही तोच हिशेब. पावतीवर नाव आले म्हणून मालकी येत नाही. नोंदीतला फेरफार मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितले आहे. "तिच्या लग्नात खर्च केला." लग्न झाले तेव्हा बाप जिवंत होता, वारसा तर मृत्यूनंतर सुरू होतो.

तिसरे उत्तर सर्वांत लबाड : "केस चालू आहे, निकाल लागला की वाटू." अलाहाबाद उच्च न्यायालयाने जाफरी बेगम खटल्यात 1885 मध्येच सांगून ठेवले आहे की मुस्लिम कायद्यात मृत्यूच्या क्षणी हिस्सा वारसाकडे जातो, मयतावर कर्ज असले तरी. कर्जाची जबाबदारी हिश्श्याच्या प्रमाणात. घराला थकबाकी आहे म्हणून फुफीचा हक्क थांबत नाही. वाट पाहायची तर किती? रामपूरच्या नवाबाच्या मिळकतीचा दावा 1972 चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2019 चा. थोरल्याची गादी नव्हे, तर शरियतप्रमाणे सगळे वारस, असा. त्यांच्याकडे राजवाडे होते, आपल्याकडे दोन गाळे. एवढी वर्षे वकील कोण पोसणार?

कुणी शरियतला हात लावतो म्हटले की आपण मोर्चे काढतो. 1937 चा शरियत कायदा तर मुलींना वारसा नाकारणाऱ्या रूढी मोडायलाच आला. सूरह निसामध्ये हिस्से मोजून दिले आहेत, आणि वाटपाआधी वसीयत व कर्ज फेडण्याची ताकीद आहे. ती रूढी आज मोडतो कोण आणि पाळतो कोण? आपल्या घरातला प्रतिज्ञापत्रवाला.

कर जास्त वाटतो तर निषेध नोंदवून भरा आणि भांडा. पण अर्जावर पाचही नावे घाला. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिला आधी हिस्सा किती, हे कळू द्या; चहाच्या कपाबरोबर सही घेऊ नका.

निकाहात मेहेरची रक्कम आपण भरल्या मजलिशीत मोठ्याने सांगतो. मय्यतीनंतर चाळीस दिवसांत वारसांची यादी जमातीत कुणीतरी तशीच मोठ्याने वाचावी, आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत द्यावी. मुलींच्या नावांसकट.