फावला वेळ कोणाचा?

दिवाळी तोंडावर आली की बायकांसाठी काढलेल्या पुरवण्यांतून एक मजकूर हमखास छापून येतो. फेल्टचे रंगीत तुकडे घ्या, मणी घ्या, बारीक आरसे घ्या, अमुक टाका घाला, तमुक झालर लावा, आणि फावल्या वेळात घरच्या घरी तोरण तयार! सोबत तोरणाचे प्रकाशचित्र असते. तोरण सुबक असते, हे मी नाकारत नाही. माझे भांडण तोरणाशी नाही. माझे भांडण आहे ते 'फावल्या वेळात' या दोन शब्दांशी, आणि सणाच्या दिवशी भांडण काढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा न केली तरी चालेल.

मी जामनेरची. पोटासाठी मास्तरीण, हौसेने कादंबरीकार, आणि शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव हे दोन विषय माझ्याकडे आहेत. म्हणजे ज्या विषयांचे तास परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर हक्काने मागून नेतात, ते. पुरुष कादंबरीकाराला लोक विचारतात, "सध्या काय लिहिता?" मला विचारतात, "वेळ कसा काढता हो?" या दुसऱ्या प्रश्नात जी मेख आहे, तीच त्या तोरणाच्या मजकुरात आहे. बाईने केलेले काम हे कामच नव्हे. कामातून उरलेल्या वेळाचा तो चोथा आहे, अशी ही समजूत. आणि ही समजूत जितकी गोड शब्दांत सांगितली जाते तितकी ती अंगी मुरते.

आपल्याच घरांतून पाहा. रुखवताच्या टेबलावर मांडलेले ते काचेच्या नळ्यांचे आणि मण्यांचे तोरण, त्यावरचे पोपट, हत्ती आणि 'सुस्वागतम्' ही अक्षरे; भरलेले रुमाल; जर लावलेली बाळाची कुंची. या वस्तू करताना किती रात्री गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला? मांडवात बायका पाहून जातात, "नवरी हौशी आहे हो" म्हणतात आणि पंगतीला बसतात. पुढे ते तोरण वीस वर्षे दारावर राहते, मणी गळतात, मग माळ्यावर जाते. करणारीचे नाव तोवर घरातल्या घरातही विसरलेले असते. त्याच मांडवात पत्रिकेवर मात्र छापखान्याचे नाव असते!

हे झाले पांढरपेशांचे. आता आमच्या तालुक्याकडे येते, कारण या विषयाचे खरे माहेर इथे आहे. जामनेर तालुक्यात बंजाऱ्यांचे, म्हणजे आम्ही ज्यांना लमाण म्हणत आलो त्यांचे, कितीतरी तांडे आहेत. ज्या गोद्रीला जानेवारी २०२३ मध्ये बंजारा समाजाचा मोठा कुंभ भरला, ती गोद्री आमच्याच तालुक्यातली. या तांड्यांवरची सुई मी जवळून पाहिली आहे. घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी, डोक्यावरून घ्यायची भरलेली ओढणी, कडेला कवड्या, टोकांना लोकरीचे गोंडे, आणि मधून मधून आरसे, मणी, पांढऱ्या धातूची पदके, क्वचित एखादे जुने नाणे. कापड जाडेभरडे, पण त्यावर टाका इतका दाट की खालचे कापड शोधावे लागते.

आरसा कसा बसवतात हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. आरशाला भोक नसते आणि खळही लावलेली नसते. आधी दोन उभे आणि दोन आडवे असे चार दोरे त्यावर ताणून घ्यायचे. मग त्या चौकटीत सुई गुंतवत गोल फिरायचे. एकदा दोऱ्याखालून, एकदा कापडातून. फिरता फिरता ती चौकट कडेकडे ओढली जाते आणि काच दोऱ्याच्या कोंदणात बसते. ताण कमी पडला तर काच निसटते, जास्त झाला तर कापडाला चुणी पडते. सोनार हिरा बसवतो तेव्हा त्याला आपण कारागीर म्हणतो आणि घडणावळ देतो. इथे नखाएवढी काच सुताच्या कोंदणात बसते नि तिन्ही पिढ्या हलत नाही, तर त्याला नाव काय? फावल्या वेळातील छंद!

या नक्षीमागे इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हा समाज देशभर फिरला. मोगलांच्या फौजांनाही यांनी धान्य पुरवले. ज्या कवड्या आज झालरीला दिसतात त्या मालदीवच्या समुद्रातून यायच्या आणि एके काळी बाजारात चलन म्हणून चालायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्या पसरल्या आणि बैलांचे काम गेले. वर १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली लमाणांच्याही काही गटांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. बैल गेले, वाट गेली, अब्रू गेली, आणि जे काही वाचले ते बायकांच्या कोथळीत वाचले. त्याच समाजातले वसंतराव नाईक पुढे १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ या राज्याचे मुख्यमंत्री होते. पुरुषांची नावे इतिहासात अशी नोंदली गेली आणि ती योग्यच नोंदली गेली. कोथळी शिवणारीचे नाव मात्र कुठल्याच वहीत नाही.

आता मी हिशेबाकडे वळते. मास्तरणीला हिशेबाशिवाय राहवत नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलीची आजी उत्तम भरते. तांड्यावर आईला 'याडी' म्हणतात. मीही त्यांना याडीच म्हणते. त्यांनी एक कोथळी भरली, हातभर लांबीची. आरसे मी मोजले, अठ्ठेचाळीस. एका आरशाला त्यांना चार मिनिटे लागतात, घड्याळ लावून पाहिले. म्हणजे नुसत्या आरशांचे तीन तासांहून अधिक झाले. भोवतीचे भरण, कडा, कवड्या, गोंडे धरून तीस तास. दुकानातून आणलेले कापड, दोरा आणि आरसे यांचे एकशे दहा रुपये. गावोगाव फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याने कोथळीचे दिले साडेतीनशे. वाचकहो, भागाकार तुम्हीच करा. तासाला आठ रुपये पडतात! त्याच तीस तासांत याडी निंदणीला गेल्या असत्या तर चार-पाच दिवसांची मजुरी हाती आली असती. पुढे पुण्यात एका प्रदर्शनात मी तसलीच कोथळी पाहिली. किंमत बावीसशे. चिठ्ठीवर लिहिले होते, 'अस्सल जमातीची कला'. जमातीची! म्हणजे कोणाचीच नाही.

याडींना मी म्हटले, "रिकामपणी करता ना हो तुम्ही हे?" मुद्दामच विचारले, त्या काय म्हणतात ते पाहायला. त्या म्हणाल्या, "बाई, रिकामपण कुठून आणू? दिवसा वावरात असते. हे रातच्याला. झोपेतून काढते." तेव्हा या तोरणवाल्यांनी एवढे तरी प्रामाणिकपणे छापावे: फावल्या वेळात नव्हे, झोपेच्या वेळात.

याहून वाईट प्रकार जुन्या कापडांचा. आपल्याकडे बोहारीण येते आणि जुन्या साडीवर भांडे देऊन जाते, त्याच चालीवर काही लोक तांड्यांवर येतात. पेटीच्या तळाशी असलेली आजीची कांचळी घेतात आणि एखादे पातेले किंवा चादर देतात. ती कांचळी तशीच राहिली तरी एक वेळ समाधान मानले असते. तिचे तुकडे करतात. बाहीचा तुकडा एका पिशवीवर, छातीचा दुसऱ्या, कवड्यांची पट्टी तिसऱ्या. एका लग्नासाठी वर्षभर खपून भरलेले वस्त्र अशा रीतीने बारा खांद्यांवर लोंबत जाते, आणि घेणारीला वाटते आपण परंपरा जपली.

यावर माझे सुशिक्षित मित्र दोन उत्तरे देतात. पहिले असे की, तासाचा योग्य दाम लावला तर वस्तू महाग होईल आणि कोणी घेणार नाही. यंत्रावर असलेच भरण चौथाई किमतीत निघते. मग यंत्रावरचे घ्या! मी कुठे अडवते? यंत्राचे भरतकाम यंत्राचे म्हणून विकावे, त्यात काही पाप नाही. पण हाताचे हवे, हाताचे म्हणून मिरवायचे आणि दाम मात्र यंत्राचा द्यायचा, हा कुठला व्यवहार? शिवाय महाग वस्तू विकतच नाही हे खरे नाही. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात संडूर आहे, जुने घोरपड्यांचे मराठा संस्थान. तेथील लंबाणी बायकांच्या भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुलै २०२३ मध्ये हंपीला परदेशी पाहुण्यांची परिषद भरली, तेव्हा संडूरच्या केंद्रातील साडेचारशेवर बायकांनी भरलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. तीच सुई, तोच टाका, तोच समाज. फरक इतकाच की तिथे कोणीतरी बायकांना एका छपराखाली बसवून कामाला काम म्हटले. आमच्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली मानांकन मिळाले. वांग्याचा मला अभिमानच आहे, भरीत मी आवडीने खाते. पण वांग्यासाठी जे कागद रंगवता येतात ते सुईसाठी रंगवायला कोणाचे हात दुखतात, हे एकदा कळले पाहिजे.

दुसरे उत्तर अधिक लबाड आहे, कारण ते डोळ्यांत पाणी आणून देतात. "अरेरे, तांड्यावरच्या मुली आता पंजाबी ड्रेस घालतात! संस्कृती बुडाली!" ही मंडळी मे महिन्यात जळगावला पंख्याखाली बसून हे बोलतात. पारा पंचेचाळीसवर असताना जाड कापडाचा फेटिया, त्यावर कवड्या, हातभर बांगड्या, केसांत जड चांदी असे अंगभर ओझे घेऊन यांनी एकदा एक वाफा निंदून दाखवावा. मुलींनी ते वस्त्र उतरवले ते बरेच केले. कोणी काय नेसावे हे प्रकाशचित्र काढणाऱ्याने ठरवू नये. लुगडे सोडून सहावारी साडी आणि साडी सोडून कुडता घालणाऱ्या आपल्या मुलींसाठी आपण कुठे गळा काढला? माझे म्हणणे वस्त्र टिकवा असे नाहीच. हात टिकवा. आणि हात टिकतो तो कौतुकाने नव्हे, पगाराने. अंगावरून उतरलेले ते भरण भिंतीवर जाईल, पडद्यावर, पिशवीवर, पुस्तकाच्या बांधणीवरही जाईल. कला अशीच जागा बदलत जगते.

आणि खाली नाव हवे. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो. कादंबरीवर माझे नाव असते, ती विको न विको. फ्रान्समध्ये बायो नावाच्या गावी अकराव्या शतकातला एक भरलेला पट आहे, सुमारे सत्तर मीटर लांबीचा. त्यावर राजे आहेत, सरदार आहेत, त्यांची नावेही सुईनेच भरलेली आहेत. भरणाऱ्या हातांचे नाव कुठेही नाही. नऊशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून ती सोडून देऊ. पण आपल्याकडे २०२४ साली पोहरादेवीला बंजारा वारशाचे मोठे संग्रहालय उघडले, ही आनंदाची गोष्ट घडली. अशा प्रत्येक संग्रहालयाला माझे एकच मागणे आहे. वस्तूखालच्या पाटीवर 'बंजारा स्त्रीचे वस्त्र' एवढे लिहून थांबू नका. जी जिवंत आहे तिला विचारा, जी गेली तिच्या सुनेला विचारा, आणि नाव लिहा.

दिवाळी अंकात हे सारे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री तांड्यावरच्या कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघर जातात आणि वडीलधाऱ्यांना शुभ चिंतणारी गाणी म्हणतात. त्याला 'मेरा' म्हणतात. त्या रात्री पेटीतली ठेवणीतली ओढणी निघते. दिव्याच्या उजेडात शंभर आरसे लकाकत अंगणातून जातात, ते दृश्य मी सांगून उपयोग नाही. पण सण सरला की त्याच तांड्यांतली कितीतरी घरे कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. तिकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या नावाने लिहिली जाते. बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि मुकादमाच्या वहीत ती अर्ध्या कोयत्याएवढी सुद्धा स्वतंत्र उरत नाही. सुईवर नाव नाही आणि कोयत्यावरही नाही!

मी मास्तरीण असल्याने शाळेपुरते एक सुचवून पाहिले. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलींना दुकानातून फेल्टचा पुडा आणायला सांगतो. तो पुडा आईने चिकटवलेला असतो आणि मी त्याला गुण देते. त्याऐवजी याडींना बोलवावे. मुलींना, आणि मुलांनाही, आरसा बसवायला त्यांनी शिकवावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडे शिकावे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कागद आमच्या बाजूने आहे. "पण त्यांची पात्रता काय?" असे बैठकीत विचारले गेले. मी म्हटले, माझी तरी काय आहे? मॅट्रिकच ना! त्यावर सगळे हसले आणि ठराव तत्त्वतः मान्य झाला. मग प्रश्न निघाला की, बाईंना येण्याजाण्याचे भाडे आणि दिवसाची मजुरी कोणत्या खात्यातून द्यायची? कोणीतरी म्हणाले, "मजुरी कशाला? येतील की फावल्या वेळात."

ठराव तिथेच आहे. खाते अजून सापडलेले नाही. याडींनी लक्ष्मीपूजनानंतर तिसऱ्या दिवशी ट्रक ठरवला आहे. परत येतील तेव्हा आमच्या परीक्षा सुरू झालेल्या असतील.