ओटीपी आला नाही म्हणून उपचार थांबता कामा नये

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश भूषण गवई होते. ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, ही भूमिकाही न्यायालयाने घेतली. तंत्रज्ञान असेच यायला हवे. कष्टकऱ्याच्या अंगावरचे ओझे त्याने आधी उतरवावे. आरोग्यसेवेत मात्र आपल्या वस्त्यांना उलटा अनुभव येतो आहे.

दस्तुरी नाक्याच्या पुढे माथेरानमध्ये खासगी गाडी जात नाही. मोठा आजार झाला की नेरळ, कर्जत, नाहीतर थेट मुंबई गाठायची. अशा ठिकाणी ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळणे ही मोठीच सोय आहे. पण त्यासाठी स्मार्टफोन लागतो, रेंज लागते, रिचार्ज लागतो. घरात फोन एकच असतो आणि तो घेऊन कमावता माणूस कामावर गेलेला असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 100 पैकी 57 पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. बायकांमध्ये हे प्रमाण होते 33. बाळंतपण, मुलांची आजारपणे आणि म्हाताऱ्यांची सेवा ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्याच हातात फोन नाही.

आयुष्मान कार्डासाठी ई-केवायसी करायला गेलेल्या आजींचा आधार क्रमांक मुलाच्या जुन्या नंबरला जोडलेला असतो. ओटीपी कुठे जातो, कुणालाच माहीत नसते. अंगठा लावावा तर आयुष्यभर ओझी वाहून, धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र म्हणते, जुळत नाही. ज्या श्रमाने शरीर झिजले, तोच श्रम उपचाराच्या आड येतो.

मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाला कोविनवर नाव नोंदवल्याशिवाय लस नव्हती. शहरातले लोक मोबाईलवरून स्लॉट पकडून खेड्यातल्या केंद्रांवर गाड्या घेऊन आले आणि गावातला माणूस दारात उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारले, टीका झाली, तेव्हा कुठे थेट केंद्रावर नोंदणी सुरू झाली.

आपल्या रायगड जिल्ह्याला हे नवे नाही. 1923 साली बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुलेही केले. पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तो हक्क खरा झाला. आज आरोग्य योजना सर्वांना खुल्या आहेत. त्यांच्या दारावर ओटीपीचे कुलूप नको, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. 14 अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणी केसपेपर नाकारला, तर तिथेच हरकत घ्या आणि नकार लेखी मागा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी दवाखान्यात मोबाईलशिवाय नोंदणीची खिडकी हवी. अंगठा जुळला नाही तर दुसरा मार्ग तिथल्या तिथे मिळायला हवा. ई-केवायसीचे शिबिर तालुक्याला नको, वस्तीत आणि वाडीत भरायला हवे.

सरकार करील तेव्हा करील, आपण विहारातून सुरुवात करू. पौर्णिमेच्या वंदनेनंतर शिकलेल्या मुला-मुलींनी तासभर थांबावे. कुणाचे आधार कोणत्या नंबरला जोडले आहे, रेशनकार्डात नाव आहे का, सत्तरीपुढच्यांचे वय वंदना कार्ड निघाले का, हे घरोघरचे तपासून वहीत लिहावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा 155388 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा. ओटीपी मात्र कुणा एजंटाला सांगू नये.

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली. त्याच्याकडे कोणते कार्ड आहे, हे त्यांनी विचारले नव्हते.

जय भीम!