कोंबडी आपली, भाव व्यापाऱ्याचा



वस्तीवर आपलं दोन दिवसांचं वनहक्क शिबिर झालं. 1 जानेवारी 2008 ला कायद्याचे नियम निघाले. दावा कसा भरायचा, पुरावे कोणते जोडायचे, हे शिकायला लोक लांबून पायी आले. दुसऱ्या दिवशी जेवणाला कोंबडी करायचं ठरलं. मीच मोटरसायकल काढली, मुक्ताईनगरला गेलो आणि बॉयलर घेऊन आलो.

परत येतो तर वस्तीच्या तोंडाशी व्यापारी उभा. सायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या. आमच्या काकूने त्याला गावरानी कोंबडी दिली, 70 रुपयांत. त्याने वजन केलं नाही, नुसती हातावर उचलून पाहिली. वर म्हणे, "बंगालमध्ये रोग आलाय, आता कोणी खात नाही." तशीच कोंबडी तेव्हा बाजारात 130 ला जात होती, हे मी डोळ्याने पाहिलंय.

म्हणजे जमिनीचा हक्क मागायला जमलेलो आपण विकतचं बॉयलर खाल्लं, आणि आपली कोंबडी मातीमोल गेली. चूक माझी होती. पण विचार केला तर ती आपल्या सगळ्यांची आहे.

रोगाचं आधी बोलू. रोग खोटा नाही. 18 फेब्रुवारी 2006 ला नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तिथं मोठमोठे पोल्ट्री फार्म होते. पुढच्याच महिन्यात तो आपल्या जिल्ह्यात सावदा, मारूळ, हातेड अशा गावांत निघाला. इथं फार्म नव्हते, घरोघरच्या कोंबड्या होत्या. पथकं आली आणि पोत्यात भरून कोंबड्या घेऊन गेली. माझ्या मावशीच्या बारा गेल्या. त्यातली एक अंड्यांवर बसलेली होती. ती उठवली, अंडीही गेली. भरपाईच्या कागदावर त्या अंड्यांना रकाना नव्हता.

मग 2008 च्या जानेवारीत बंगालच्या बीरभूममध्ये रोग आला. तिथंही गरिबांच्या अंगणातल्या कोंबड्या मारल्या. पण बीरभूम कुठं आणि आपण कुठं? तिकडच्या रोगाचं नाव घेऊन इकडं भाव पाडायचा, हा निव्वळ धंदा आहे. नीट शिजवलेल्या कोंबडीतून हा रोग होत नाही, 70 अंशाच्या उष्णतेत तो विषाणू मरतो. मात्र आजारी किंवा मेलेली कोंबडी खायची नाही, विकायची नाही, हात लावायचा नाही. एकदम जास्त मेल्या तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं. आपला माल चोख असेल तरच आपण ताठ मानेने भाव सांगू.

कोणी म्हणेल, जमिनीच्या लढाईत हे कोंबडीचं काय काढलं? साथींनो, आपल्या वनजमिनीला सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटी कर्ज देत नाही. मग कोर्टाची तारीख आली, मोर्चाला जळगावला जायचं झालं, पोराला ताप आला, की बाई काय करते? कोंबडी विकते. मोठी अडचण असली तर बोकड विकते. 2002 साली अतिक्रमण काढायचा फतवा निघाला, तेव्हा कितीतरी घरं या जनावरांवरच टिकली. वनहक्क कायद्यात जमीन नवरा-बायको दोघांच्या नावावर होणार आहे, ती होईल तेव्हा होईल. कोंबडीचा पैसा मात्र आजच बाईच्या हातात येतो. व्यापारी त्यातलाच अर्धा उचलतो.

पोल्ट्रीच्या अंड्याचा भाव रोज जाहीर होतो, पेपरात छापून येतो. आपल्या अंड्याचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडात असतो. महामार्गावरच्या ढाब्यांवर 'गावरानी' अशी मोठी पाटी असते, अन् त्या पाटीचा पैसा वस्तीपर्यंत येत नाही.

बॉयलर स्वस्त आहे, हे खरं. ते सहा आठवड्यांत तयार होतं, आपल्या कोंबडीला सहा-सात महिने लागतात. रोज गावरानी खा असं मी कोणाला सांगत नाही. आपल्यातही रोज कोण खातं? पण जेव्हा घ्याल, तेव्हा सरळ आपल्या माणसाकडून घ्या. म्हणून पुढच्या बैठकीत हे ठरवू:

एक, शिबिर असो की मोर्चा, कोंबडी, अंडी, बोकड वस्तीवरूनच घ्यायचं, रोख पैशाने.

दोन, वस्तीवर एक तराजू ठेवायचा. वजनाशिवाय विक्री नाही. भाव बायांनी बसून ठरवायचा आणि सगळ्यांनी तोच सांगायचा.

तीन, तालुक्यातले आपले शिक्षक, कर्मचारी, हितचिंतक यांनी आठवडे बाजाराच्या आधी मागणी कळवायची. मुक्ताईची यात्रा झाली की होळी आहे. धुळवडीपासूनच सुरुवात करू.

चार, राणीखेतची लस सगळ्या वस्तीने एकाच दिवशी करायची. एका बाटलीत शंभराच्या वर कोंबड्या होतात, आणि फोडलेली बाटली उद्याला चालत नाही. एकट्या घराला ते परवडत नाही, वस्तीला परवडतं.

पाच, सगळी अंडी विकायची नाहीत. आधी पोरांच्या ताटात, काही खुडूक कोंबडीखाली, उरतील ती बाजारात.

आणि बकऱ्यांचं विसरू नका. बकरी जंगलात चरते, म्हणून आजवर आपण दंड भरला. कायद्याच्या कलम 3 मध्ये चराईचा हक्क लिहिलेला आहे. वैयक्तिक जमिनीच्या दाव्याबरोबर गावाचा सामूहिक दावाही भरा. आपली जनावरं कुठल्या नाल्याला पाणी पितात, कुठल्या टेकडीला चरतात, हे म्हाताऱ्यांकडून सांगून घ्या आणि लिहून काढा. वडील माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. चराई गेली तर बकरी गेली, मग सरळ विकायचं तरी काय?

काकूला मी परवा विचारलं, पुढच्या शिबिराला कोंबडी देशील का? ती म्हणाली, "देईन की. पण वजन करशील ना रे?"

करू, काकू. तराजू आणतोय.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!