सर्व्हरच्या कोटेशनवर सही करण्याआधी हे शब्द समजून घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ऑफिसचे कॉम्प्युटर आणि पासवर्ड यांवर बोललो. तिथे काही शब्द घाईत सांगून झाले, ते इथे जरा निवांत लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. डिरेक्टरी सर्व्हर चालवणं हे मालकाचं काम नाही, पण त्यातले सात-आठ शब्द मालकाला कळलेच पाहिजेत. नाहीतर दुकान आपलं आणि किल्ल्या कॉम्प्युटरवाल्याकडे, अशी गत होते.

डिरेक्टरी म्हणजे हजेरीबुकासारखी एक वहीच. कोण माणूस, कुठल्या विभागात, त्याचा पासवर्ड काय, तो कुठल्या ग्रुपमध्ये आहे, हे सगळं एका जागी. ऑफिसमधला कुठलाही कॉम्प्युटर लॉगिनच्या वेळी या वहीला विचारतो. ही विचारपूस ज्या भाषेत चालते तिचं नाव एलडॅप. ती 1993 साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. आधीची एक्स.500 ही पद्धत साध्या पीसीला झेपत नव्हती, म्हणून ही हलकी आवृत्ती. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 सर्व्हरबरोबर आली, तीही हीच भाषा बोलते. ओपनएलडॅप फुकट मिळतं, पण ते सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही!

वहीतली एक नोंद म्हणजे एन्ट्री. त्या नोंदीतला रकाना म्हणजे ॲट्रिब्यूट. कुठल्या नोंदीला कुठले रकाने असतील हे ठरवणारा नियम म्हणजे स्कीमा. हे तिन्ही शब्द कानावरून गेलेले असले तरी पुरे.

खरी गंमत ओयू आणि ग्रुपमध्ये आहे, आणि इथेच बहुतेक जण गोंधळतात. ओयू म्हणजे ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे माणसाची नोंद कुठल्या कप्प्यात ठेवली आहे ते: अकाउंट्स, गोडाऊन, सेल्स. ग्रुप म्हणजे त्या माणसाकडे कुठल्या किल्ल्या आहेत ते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत फोल्डरची परवानगी ओयूला देताच येत नाही, ती ग्रुपला द्यावी लागते. तुम्ही म्हणाल, थेट माणसालाच देऊन टाकू की! देता येते, पण देऊ नका. समजा, बिलिंग करणाऱ्या ताईंना तुम्ही बारा फोल्डर एकेक करून उघडून दिलेत. वर्षभराने त्या खरेदी विभागात गेल्या. आता ते बारा फोल्डर कोण आठवून बंद करणार? तेच 'बिलिंग' नावाचा ग्रुप असता, तर एक नाव काढायचं, दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकायचं, काम संपलं. किल्ली हुद्द्याला द्यायची असते, व्यक्तीला नाही. हे तुम्ही गल्ल्याच्या बाबतीत बरोबर पाळता, कॉम्प्युटरवर मात्र विसरता.

माणूस सोडून गेला की दुसरा घोळ. रागाच्या भरात मालक सांगतो, "उडवून टाका त्याचं अकाउंट." थांबा. आधी डिसेबल करा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक अकाउंटला आतून एक वेगळा ओळख क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात. परवानग्या त्या क्रमांकाला चिकटलेल्या असतात, नावाला नाही. त्यामुळे उडवलेलं अकाउंट त्याच नावाने पुन्हा बनवलं तरी जुन्या परवानग्या परत येत नाहीत. रिसायकल बिनची सोय आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. गूगल वर्कस्पेसमध्ये उडवलेला युजर परत आणायला 20 दिवस मिळतात, नंतर मेल गेलेच समजा. तिथेही आधी सस्पेंड करायचं, मेल आणि फाइल्स दुसऱ्याकडे सोपवायच्या, मगच पुढचं.

आता कोटेशनमधला एक लाडका शब्द: रेप्लिकेशन. दोन सर्व्हर ठेवायचे आणि एकातली वही आपोआप दुसऱ्यात उतरायची. एक बंद पडला तर काम अडत नाही, हे खरं. पण विकणारा "म्हणजे बॅकअप झालाच की साहेब" म्हणाला, तर मान डोलावू नका. चुकून उडवलेलं अकाउंट दुसऱ्या सर्व्हरवरूनही थोड्याच वेळात उडतं. चूकसुद्धा इमानदारीत उतरते! बॅकअप वेगळा मागा, आणि तो एकदा परत चढवून दाखवायला सांगा.

मग सर्व्हर घ्यायचा का? पाच-सात माणसांच्या ऑफिसला, माझ्या मते, नाही. तुमच्या गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट 365 च्या मागे डिरेक्टरी आहेच, तीच नीट वापरा. सर्व्हर घेणारच असाल, तर दोन खर्च आधी विचारा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे कॅल नावाचं वेगळं लायसन्स लागतं. आणि स्वस्तातल्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज होम असतं, ते डोमेनला जोडताच येत नाही, त्यासाठी प्रो लागतं.

राहिला ॲडमिन. सगळ्या वहीवर ज्याचा हात चालतो तो हा. हे अकाउंट एकट्या बाहेरच्या माणसाच्या नावावर ठेवू नका. त्याला त्याचं वेगळं लॉगिन द्या आणि एक ॲडमिन अकाउंट स्वतःच्या ताब्यात ठेवा. पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. त्याच्याशी उद्या पैशावरून वाजलं, तर भांडण बिलापुरतं राहील.

पुढच्या व्हिडिओत गूगल वर्कस्पेसमध्ये ग्रुप कसे बनवायचे ते स्क्रीनवर दाखवतो. त्याआधी आपल्या ऑफिसात आज ॲडमिन कोण आहे, तेवढं बघून ठेवा.