पटावर नसलेल्या पोरांसाठी एक ओळ

मुंबईची देवगिरी एक्स्प्रेस मराठवाडा ओलांडून सिकंदराबादला येते. उतरणाऱ्यांना न्यायला कुणी आलेलं असतं, नाहीतर हातात पत्ता तरी असतो. या स्थानकावर अशीही पोरं उतरतात, ज्यांच्याजवळ दोन्ही नसतं. कुणी माराला कंटाळून पळालेलं, कुणाची शाळा ऊसतोडीच्या फेऱ्यात सुटलेली. अशा पोराला आधी रेल्वे पोलीस गाठतात की कामाला लावणारा दलाल, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

त्याला शाळेपर्यंत नेणारी वाट याच शहरातून निघाली. बालहक्क कार्यकर्त्या शांता सिन्हा आणि मारेडपल्लीतली एम. व्ही. फाउंडेशन ही संस्था यांनी १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात कामावरची मुलं सोडवून सेतुशिबिरांत आणली. तिथे काही महिने राहायचं, शिकायचं आणि वयाला साजेशा इयत्तेत जाऊन बसायचं. सिन्हांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही वयानुसार प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण हा मुलाचा हक्क ठरवला.

हक्क मिळाला, पण पैशाची वाट अरुंद होत चालली आहे. बालमजुरांसाठी १९८८ पासून चालत आलेला राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प २०२१ मध्ये समग्र शिक्षा योजनेत विलीन झाला. मोठ्या योजनेत पैसा आधी इमारती, पगार आणि पटावरच्या मुलांकडे जातो. पटावर नसलेल्या मुलाचे आईबाप पालकसभेत भांडायला येत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ हवी. ती पुसली गेली, तर पैसा कमी झाल्याचंही कुणाला कळणार नाही.

सिकंदराबाद स्थानकाच्या नव्या बांधणीची पायाभरणी एप्रिल २०२३ मध्ये झाली. खर्च सुमारे ७२० कोटी. देशभरातल्या निराधार आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांसाठीच्या मिशन वात्सल्य योजनेला २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात १५०० कोटी होते. म्हणजे जेमतेम अशी दोन स्थानकं. स्थानक देखणं व्हावंच, पण फलाटावरच्या पोराचाही हिशेब मागायला हवा.

‘चोरी करणाऱ्यांवर कशाला खर्च?’ असं विचारणारे भेटतात. हैदराबादेतल्या सैदाबादच्या निरीक्षणगृहात ठेवलेला असा मुलगा उद्या बाहेर येणारच आहे. हातात कसब आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन यायचं, की नुसती नवी ओळखपाळख घेऊन, एवढंच आपल्या हातात आहे. बाल न्याय कायदा २०१५ त्याच्या शिक्षणाची आणि व्यवसाय प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकतो. यात उपकार कसला?

सिकंदराबाद-हैदराबादच्या मराठी मंडळींनो, मराठवाड्यातल्या वाचकांनो, तीन कामं करा. एकटं मूल दिसलं तर बालमदतीचा १०९८ क्रमांक फिरवा. निवृत्त शिक्षक असाल तर बालगृहात परवानगी काढून आठवड्याचे दोन तास द्या. आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे माहिती अधिकारात विचारा: मुलांच्या शिक्षणासाठी यंदा किती आले, किती खर्च झाले, किती मुलं शाळेत टिकली? उत्तर घेऊन आमदाराच्या दारात जा. या पोरांचं मत मतपेटीत पडत नाही, आपलं पडतं.