गोळी देताना सांगा, सोडताना ऐका

मनाचा आजार लपवून ठेवण्याची रीत हळूहळू मागे पडत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. नैराश्यावरील गोळ्यांनी अनेकांना सावरले आहे, हेही निर्विवाद. परंतु गोळी बंद केल्यावरही काहींच्या मागे राहणाऱ्या त्रासांविषयी आपण मौनच पाळतो.

१९८७ साली अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला मान्यता मिळाली. पुढे या जातीच्या गोळ्या जगभर पोहोचल्या. त्या चालू असताना कामेच्छा मंदावते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. गोळी थांबली की सारे पूर्ववत होते, असे मात्र गृहीत धरले गेले. काही रुग्ण सांगत राहिले की, वर्षे लोटली तरी गेलेली संवेदना परतली नाही. 'तो तुमचा मूळचाच आजार,' असे उत्तर त्यांना मिळे. अखेर २०१९ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने ही शक्यता माहितीपत्रकात छापण्याची शिफारस केली. सर्वांनाच असे होते असे नव्हे. पण होऊ शकते, एवढे तरी मान्य झाले.

आपल्याकडे काय दिसते? दुकानदार कात्रीने कापलेली पट्टी हातावर ठेवतो. माहितीपत्रक मिळालेच तर ते इंग्रजीत. घरची भाषा मराठी, डॉक्टरांची कानडी, चिठ्ठीची इंग्रजी! मग आधीच लाजेची असलेली गोष्ट रुग्णाने बोलावी कोणत्या भाषेत?

कोणी म्हणेल, 'हे सांगितले तर रुग्ण गोळी घेणारच नाही.' ही भीती अगदीच खोटी नाही. पण न सांगितल्यास तो एक दिवस गुपचूप गोळी टाकून देतो. मग चक्कर, निद्रानाश, डोक्यात विजेसारखे झटके सुरू होतात आणि आजारच उलटला असे घरचे समजतात. गोळी सोडायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मात्रा थोडी थोडी उतरवीत, हे त्याला आरंभीच कोणी सांगितलेले नसते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा, आणि तेही आपल्याला समजेल अशा भाषेत, हक्क रुग्णाला दिला आहे. दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्या महाविद्यालयाला या कलमाचे मोल अधिक. विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टरांना निःसंकोच विचारा. प्राध्यापकांनीही, कोणी असा त्रास सांगितल्यास, 'मनाचे खेळ' म्हणून त्याला परत पाठवू नये. विश्वास हाही उपचाराचाच एक भाग आहे.